असईचा उतार: केळणा नदीवरच्या १८०३ च्या लढाईचा उठाव नकाशा, कामाच्या नोंदी

६ जानेवारी
काम ठरले. जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे) यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीची लढाई झाली. कंपनीचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. एका वाचनालयाच्या दालनासाठी या जागेचा उठाव नकाशा, म्हणजे चढ-उतार प्रत्यक्ष उंचीने दाखवणारा नमुना, करायचा आहे.

नकाशाचा केंद्रबिंदू असई गाव नाही, केळणेचा उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, आहे. शिंद्यांचे कवायती पायदळ, सुमारे १०,००० माणूस आणि शंभराच्या आसपास तोफा, नदीच्या उत्तर थडीला दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. समोरून नदी ओलांडणे म्हणजे आत्महत्या. वेलस्लीने पूर्वेकडे सरकून शिंद्यांच्या डाव्या बगलेच्या पलीकडे नदी ओलांडली. वाटाडे सांगत होते की तिथे उतार नाही. त्याला मात्र दोन थड्यांवर समोरासमोर दोन गावे दिसली (इंग्रजी कागदांत पीपलगाव आणि वारूर) आणि अशी गावे असतील तर मध्ये वाट असणारच, असे त्याने ताडले. माणूस पाठवून खात्री केली आणि फौज वळवली. हा प्रसंग सगळे सांगतात. उतार प्रत्यक्षात कसा असतो, तोफेचे चाक तिथून कसे जाते, हे कोणी दाखवत नाही. आम्हाला ते दाखवायचे आहे.

९ जानेवारी
चौकट आणि प्रमाण. ६ किमी × ४ किमी जागा, प्रमाण १:५,०००. म्हणजे १२० सेंमी × ८० सेंमीचा नकाशा. दालनाच्या दारातून एवढे फळकूट आडवे जात नाही, म्हणून ६० × ८० चे दोन तुकडे.

पहिल्या आखणीत जोडाची रेघ नेमकी उतारावरून जात होती. जोड कितीही घट्ट बसवला तरी दिसतोच, आणि नदीपात्रावरून गेला तर तिथे पाणी दाखवायचे रेझिन ओतता येत नाही. चौकट ३०० मीटर सरकवली, म्हणजे नकाशावर ६ सेंमी. हे कागदावर असताना करा. थर कापल्यावर चौकट सरकत नाही.

उभे प्रमाण तिप्पट. १:५,००० वर ५ मीटरची उंची फक्त १ मिमी येते, ती नजरेला दिसतच नाही. तिप्पट केल्यावर ५ मीटर म्हणजे ३ मिमी, आणि ३ मिमीचा सनबोर्ड (पीव्हीसीचा पत्रा) बाजारात मिळतो. एक थर म्हणजे ५ मीटर, हा हिशेब सगळ्यात सोपा. आधी जाडी कुठली मिळते ते पाहा, मग उभे प्रमाण ठरवा. उलटे केले तर प्रत्येक थर घासत बसावे लागते.

१४ जानेवारी
जुना आराखडा आजच्या नकाशावर बसवणे. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची पत्रके (४६ पी मालिका) पायाला घेतली. लढाईचे जुने छापील आराखडे स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर बसवायचे.

शोधताना एक अडचण येते. वेलस्लीच्या पत्रांत नदीचे नाव कैतना आहे, इतर ठिकाणी कैलना, जुईला जुआ, भोकरदनला बोकरडन. एकाच नावाने शोधले तर अर्धे कागद हाती लागत नाहीत. सगळ्या रूपांची यादी करून घ्या.

१८ जानेवारी
बसवणीत वेळ गेला तो खूणगाठींच्या, म्हणजे दोन्ही नकाशांवर ओळखू येणाऱ्या समान जागांच्या, निवडीमुळे. गावांची मधली ठिकाणे खूणगाठ म्हणून घेतली होती. दोनशे वर्षांत गावठाण पसरते, त्याचा मध्य सरकतो. जुन्या आराखड्यावरही गाव म्हणजे चार चौकोन, त्यांचा मध्य कुठला धरायचा? नद्यांचे संगम, ओढा नदीला मिळतो ती जागा, पात्राचे ठळक वळण, या खूणगाठी बऱ्या. दख्खनच्या काळ्या कातळात खोल रुतलेली पात्रे मैदानी नद्यांसारखी मैलमैल भटकत नाहीत.

दुसरी फसवणूक सॉफ्टवेअरची. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ पद्धत निवडली की चूक शून्य दाखवते. शून्य दिसले म्हणून हरखून जाऊ नका. ही पद्धत प्रत्येक खूणगाठ जबरदस्तीने जागेवर बसवते आणि मधला भाग रबरासारखा ताणते. आमच्याकडे खूणगाठी मोजक्या, त्यामुळे नदीची सरळ धार मध्येच नागमोडी झाली. साधी पहिल्या घाताची बहुपदी घेतली. तिच्यात चूक दिसते, पण सगळा आराखडा एकसारखा ताणला जातो आणि चूक किती आहे ते कळते. लढाईच्या आराखड्यावर शेकडो मीटरची चूक निघाली तर घाबरू नये. तो आराखडा पलटणींची हालचाल दाखवायला काढलेला आहे, सातबाऱ्याला लावायला नाही.

२७ जानेवारी
उंचीची माहिती. उपग्रहाची ३० मीटर जाळीची माहिती फुकट मिळते, ती घेतली आणि तिच्यावरून ५ मीटरच्या समोच्च रेषा काढल्या. निकाल पाहण्यासारखा होता: काही ठिकाणी नदी खड्ड्याऐवजी वरंब्यासारखी वर आली.

कारण साधे आहे. ही माहिती जमिनीची नाही, वरच्या पृष्ठभागाची आहे. थडीला बाभळी, करंज दाटीने असतील तर उपग्रहाला झाडांचे शेंडे दिसतात. वर पुन्हा जाळीचा एक घर ३० मीटरचा, म्हणजे आमच्या नकाशावर ६ मिमी. चाळीस-पन्नास मीटरचे पात्र त्यात एक-दोन घरांत संपते. दरडीचा कडा, उताराची खाच, यातले काहीही त्यात नसते.

उपाय दोन टप्प्यांत केला. मोठा चढ-उतार पत्रकावरच्या २० मीटरच्या समोच्च रेषा हाताने गिरवून घेतला आणि मधल्या ५ मीटरच्या रेषा सॉफ्टवेअरकडून भरल्या. नुसत्या रेषा दिल्या तर रेषेच्या वळणांवर सपाट त्रिकोण पडतात आणि टेकाडाचे माथे कापल्यासारखे दिसतात; पत्रकावर छापलेले उंचीचे आकडे आणि ओढ्यांच्या रेषा सोबत दिल्या की ते जातात. नदीपात्र मात्र सॉफ्टवेअरवर सोडले नाही. ते नंतर हाताने कोरायचे.

३ फेब्रुवारी
समोच्च रेषांची छपाई. प्लॉटरवाल्याच्या यंत्रात ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला आणि सगळी पाने ९७ टक्क्यांवर छापली गेली. १२० सेंमीवर ही चूक ३.६ सेंमी होते, म्हणजे जमिनीवर १८० मीटर. चूक कळली ती प्रत्येक पानावर १० सेंमीची पट्टी छापली होती म्हणून. ती ९.७ भरली. पट्टी छापायला विसरू नका आणि पाने दुकानातच स्टीलच्या पट्टीने मोजा. वाया ₹३६०.

११ फेब्रुवारी
थर कापणे. ८ × ४ फुटी सनबोर्डातून ८० सेंमी रुंदीचे तीन पट्टे निघतात. बारा थरांना चार पत्रे पुरली. पाचवे पत्रे वाया गेले: कागद वर चिकटवून कापताना फेविकॉल ओला होता, कागद ओलसर होऊन ताणला आणि रेषा सरकल्या. कागद चिकटवायला फेविकॉल नको, कागदी चिकटपट्टीने कडा धराव्यात किंवा कार्बन पेपरने रेषा उतरवाव्यात.

कटरचे पाते दर मीटर-दीड मीटर कापाला मोडून नवे टोक काढा. बोथट पात्याने सनबोर्डाची कड फाटते आणि फाटलेल्या कडेवर पुट्टी नीट बसत नाही.

१९ फेब्रुवारी
थरांच्या पायऱ्या बुजवून सलग ढाळ करणे. पीओपी लावले, दुसऱ्या दिवशी बोटाने टोचले की पापुद्रे निघत होते. सनबोर्ड पीव्हीसीचा, गुळगुळीत, पाणी शोषत नाही. पीओपी धरणार कशाला? सगळे खरवडले.

जे टिकले ते असे: ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करणे, एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी यांचा हात, तो चिकट असतानाच भिंतीची अ‍ॅक्रिलिक पुट्टी पातळ थरात. एका वेळी १–१.५ मिमीपेक्षा जाड नाही. जाड थराला वरची साय आधी सुकते, आतला ओलावा नंतर निघतो आणि तडे जातात. तीन हात द्यावे लागतात, दोन हातांमध्ये पूर्ण सुकू द्यावे.

२ मार्च
नदीपात्र कोरले. साधन: लाकडावर नक्षी करायची बारीक पटाशी आणि जुन्या टूथब्रशचा दांडा. केळणा आणि जुई दोन्ही पात्रे थडीच्या पातळीपेक्षा खाली, दरडी जवळजवळ उभ्या. इथे एक गोष्ट ठरवावी लागते: पात्र आजच्या रुंदीने दाखवायचे की १८०३ च्या? वर बांधलेली धरणे आणि वाळू उपसा यांमुळे मराठवाड्यातल्या नद्यांची पात्रे बदललेली आहेत, आजची दरड मोजून ती तेव्हाची म्हणून दाखवणे बरोबर नाही. आम्ही पात्राची दिशा पत्रकावरून घेतली आणि दरडीची उंची ५ मीटर धरली, आणि हा आकडा धरलेला आहे असे फलकावर लिहिले. धरलेला आकडा मोजलेला म्हणून दाखवणे हा उठाव नकाशांचा जुना रोग आहे.

८ मार्च
उताराने अडवले, आणि काम इथेच सगळ्यात जास्त थांबले.

बैलगाडीची वाट दरडीतून नदीत उतरते तिथे चाकांनी वर्षानुवर्षे खाच पाडलेली असते. चढ सुमारे १:८ धरला, म्हणजे सात अंशांचा. भरलेली गाडी बैल एवढ्यावर ओढतात. पण नकाशाचे उभे प्रमाण तिप्पट. सात अंशांची वाट नकाशावर साडेवीस अंशांची दिसते, म्हणजे कडाच. पाहणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार की यावरून तोफा गेल्या कशा? वाट सौम्य केली तर उरलेल्या दरडींशी तिचे नाते खोटे होते. दरडी बुटक्या केल्या तर उताराचे महत्त्वच जाते, कारण मग नदी कुठूनही ओलांडता येईल असे वाटते.

तोडगा: मोठ्या नकाशावर उतार खऱ्या जागी फक्त खुणेने दाखवायचा आणि शेजारी उताराचा वेगळा नमुना, १:५०० प्रमाणात, उभे-आडवे प्रमाण सारखे. ६० × ४० सेंमी म्हणजे ३०० × २०० मीटर जागा.

१५ मार्च
वेगळा नमुना एक्सपीएस या दाट फोमच्या २५ मिमी पत्र्यात कोरला. ५ मीटरची दरड १० मिमी आली. १:८ ची वाट ४० मीटर लांब, म्हणजे ८ सेंमी. साध्या थर्मोकोलचे दाणे कोरताना उडतात, कड येत नाही. एक्सपीएस दाट असल्याने दाढीच्या पात्याने कापला जातो. दोन्हींवर स्प्रे पेंट किंवा सॉल्व्हंटचा डिंक थेट मारू नये, दोन्ही विरघळतात. आधी पुट्टीचा पूर्ण लेप, मगच रंग.

कोरताना लक्षात ठेवायच्या गोष्टी:

वाट जमिनीवर ठेवलेल्या पट्टीसारखी दाखवू नका, ती दरडीत रुतलेली असते. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, तळाशी चाकोऱ्या. काळ्या मातीत पावसाळ्यानंतर ही खाच आणखी खोल जाते.

उतार असतो तिथे पात्र पसरट असते आणि तळाला कातळ किंवा घट्ट मुरूम असतो. नुसती वाळू असेल तर पायी माणूस जातो, तोफेचे चाक रुतते. खाली-वर डोह दाखवले की उतार इथेच का, हे न सांगता कळते.

वाट सरळ हवी. तोफ ओढणाऱ्या चार-पाच बैलजोड्या आणि मागे गाडा-तोफ धरली तर लांबी २० मीटरच्या आसपास जाते. एवढी रांग ४० मीटरच्या खाचेत अर्धी जागा व्यापते आणि मध्ये वळण असेल तर पुढच्या जोड्या वळल्यावर मागचे चाक भिंतीत घुसते. वर थडीवर पोहोचल्यावर वाट फाकलेली हवी, नाहीतर पुढची तोफ बाजूला होईपर्यंत मागची पाण्यात उभी.

हे शेवटचे दाखवल्याशिवाय त्या दुपारचा अर्थ लागत नाही. कंपनीची फौज उतारावर असताना शिंद्यांच्या तोफा चालू झाल्या होत्या. वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके गोळ्याने उडाले ते याच ओलांडणीत. वाटाडे उतार नाही म्हणाले यावर त्यांना मूर्ख किंवा फितूर ठरवायची पद्धत आहे. आमचे मत वेगळे: पायी माणसाचा उतार आणि तोफांचा उतार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पावसाळा सरता-सरता तोफखान्यासाठी उतार आहे का असे विचारल्यावर सावध माणूस नाहीच म्हणेल.

२४ मार्च
पाणी. इपॉक्सी रेझिन. पहिला हात ६ मिमी एकदम ओतला. रेझिन घट्ट होताना तापते, खालचा एक्सपीएस वितळून खड्डा पडला आणि त्यात बुडबुडे अडकले. २ मिमीचे हात, मध्ये एक रात्र. नमुन्याच्या कडेला जिथे नदी कापली जाते तिथे सेलोटेप लावून बांध घालतात, तो गळतो. आतून मेणबत्तीच्या मेणाची रेघ ओढली की गळत नाही. पाणी निळे करू नका. सप्टेंबरातली मराठवाड्याची नदी मातकट असते: तपकिरी रंगाचा एक थेंब १०० ग्रॅम रेझिनला पुरतो.

१ एप्रिल
पलटणी. सैनिकांच्या बाहुल्या १:५,००० वर शक्य नाहीत, रंगीत पट्ट्या केल्या. लांबीचा हिशेब: ५०० माणसे दोन रांगांत म्हणजे २५० जोड्या, दर माणसाला सुमारे ५६ सेंमी जागा, एकूण १४० मीटर. नकाशावर २८ मिमी. हा हिशेब न करता डोळ्यांना बरी दिसेल तेवढी पट्टी कापली तर कंपनीची फौज दुप्पट मोठी भासते. नदी ओलांडलेली कवायती फौज सुमारे ४,५०० ची होती. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ केळणेच्या दक्षिणेलाच मराठा घोडदळावर नजर ठेवून थांबले. या घोडदळाची पट्टी चुकून उत्तर थडीवर ठेवलेले नमुने दिसतात, तेवढे सांभाळा.

१० एप्रिल
लढाईचे टप्पे पारदर्शक पत्र्यांवर. ओएचपी शीट वापरल्या. दालनातल्या दमटपणाने त्या पुट्टीला चिकटल्या आणि काढताना रंग घेऊन आल्या. २ मिमी अ‍ॅक्रिलिकचे ६० × ६० सेंमीचे पत्रे, चार कोपऱ्यांना रबरी बूड, असे केल्यावर बसले. एका ८ × ४ पत्र्यातून असे आठ निघतात. चार टप्पे:

पहिला, मराठा फळी केळणेच्या उत्तरेला, तोंड दक्षिणेकडे.

दुसरा, कंपनीची रांग उतारावर.

तिसरा, शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी पोलमन याने आपल्या पलटणी काटकोनात फिरवल्या. आता तोंड पूर्वेकडे, उजवी बगल केळणेवर, डावी असई गावावर. हा टप्पा आमच्या मते नकाशातला सर्वांत मोलाचा. बगल मिळाली असे वेलस्लीला वाटत असताना समोर पुन्हा तोफांची सलग फळी उभी राहिली. तोफखान्यासह अशी फळी भराभर फिरवणे फक्त पक्क्या कवायतीच्या फौजेला जमते, आणि मराठा बाजूला लढाई येत नव्हती अशा थाटात लिहिलेले फलक इथे खोटे पडतात. पट्ट्या फिरवताना दोन नद्यांमधली रुंदी मोजून घ्या. फळी त्या बेचक्यात मावली पाहिजे.

चौथा, कंपनीची चाल. डावीकडे केळणेलगत ७८वी हायलँडर पलटण. उजवीकडे पुढची तुकडी असईच्या दिशेने नको तेवढी गेली, तिच्यामागून ७४वी गेली आणि गावातल्या तोफांच्या तोंडी सापडून जवळजवळ संपली. घोडदळाच्या शेवटच्या चढाईत कर्नल मॅक्सवेल पडला. कंपनीच्या स्वतःच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज मारले गेल्याने त्या बऱ्याच मागे राहिल्या, हेही याच पत्र्यावर दाखवले: उतारावरून एवढ्या खटपटीने आणलेल्या तोफा काळ्या आडव्या रेघांनी, चालीच्या मागे.

१६ एप्रिल
फलकावरचे आकडे. कंपनीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता, एकूण १,५८४. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या. मराठा बाजूच्या मृतांचा आकडा कंपनीच्या अंदाजातून येतो, तो ‘सुमारे’ लिहूनच टाकावा. पुढची साखळी एका ओळीत: अडगावची लढाई २९ नोव्हेंबर, गाविलगड किल्ला पडला १५ डिसेंबर, भोसल्यांचा देवगावचा तह १७ डिसेंबर, शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा तह ३० डिसेंबर १८०३.

२३ एप्रिल
खर्च: एमडीएफ पाया ₹१,४००; सनबोर्ड पाच पत्रे ₹३,२५०; छपाई ₹१,०८०; पुट्टी, फेविकॉल, पॉलिश पेपर ₹९००; रंग ₹७००; रेझिन ₹८००; एक्सपीएस ₹४५०; अ‍ॅक्रिलिक ₹३,४००; ओएचपी ₹२४०. एकूण ₹१२,२२०, त्यातले ₹१,२५० वाया (चुकीची छपाई, एक सनबोर्ड, ओएचपी). मजुरी धरलेली नाही.

३० एप्रिल
दालनात बसवणी. दोन तुकडे खालून नट-बोल्टने ओढून घेतले, जोडात पुट्टी भरली नाही, कारण पुढे हलवायचे असेल तर फोडावी लागेल. त्याऐवजी जोडावर शेताच्या बांधाची रेघ रंगवली. दिवा वरून लावला तेव्हा दरडी सपाट दिसू लागल्या. दिवा पश्चिमेच्या बाजूने, पृष्ठभागापासून सुमारे ३० अंशांवर खाली आणल्यावर पात्राच्या सावल्या पडल्या. वेगळ्या नमुन्याला स्वतंत्र दिवा लागतो, एका दिव्यात दोन्ही भागत नाहीत. वायरिंग आधीच काढून ठेवली नसल्याने हा दुसरा दिवा अजून एक्स्टेंशनवर आहे.